डावा अंगठा

गेल्या श्रावणात बेळगावात आत्याला घेऊन रेशनला गेले होते. चार दिवसांच्या झडीनंतर जरा उघडीप मिळाली होती, म्हणून अख्खी गल्ली पिशव्या घेऊन तिथंच लोटलेली. ओल्या पोत्यांचा कुबट वास, पायरीवर सांडलेला तांदूळ, कुणाच्या तरी मिटलेल्या छत्रीचं पाणी माझ्या पावलावर ठिबकत होतं. आत्याचा नंबर आला तसं दुकानातल्या पोरानं अंगठा लावायचं मशीन तिच्यापुढं सरकवलं. आत्यानं डावा हात पुढं केला. "अज्जी, बलगै कोड्री," तो म्हणाला. उजवा द्या. त्याच्या बोलण्यात अदबच होती. डाव्या हातानं देणं-घेणं कुणाला बरं वाटतं? "ब्याड," आत्या म्हणाली, "हाच घे." मशीन लाल झालं. तिनं अंगठा पदराला पुसला, पुन्हा लाल. रांगेत चुळबुळ सुरू झाली. उजवा हात तिनं तोवर पदराखाली घेतला होता, लहान मूल खाऊ लपवतं तसा. सहाव्या की सातव्या खेपेला हिरवा दिवा लागला आणि तांदूळ काट्यावर पडला.

घरी येताना मी विचारलं, "उजव्या हाताला लागलंय का?"

"नाही ग."

चिखल चुकवत थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "तेरावा अध्याय विसरलीस?"

विसरले नव्हते. प्रकटीकरण म्हणजे बायबलातलं शेवटचं पुस्तक, त्याचा तेरावा अध्याय आमच्या घरात वाढलेलं कुणी विसरणं शक्यच नाही. समुद्रातून वर येणारं ते श्वापद, आणि मग दुसरं, जमिनीतून येणारं. लहानथोर, गरीब-श्रीमंत सगळ्यांना उजव्या हातावर नाहीतर कपाळावर खूण करून घ्यायला लावणारं. ज्याच्यावर खूण नाही त्याला काही विकत घेता येणार नाही आणि विकताही येणार नाही. पण आत्या ८२ वर्षांची, चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवलेली, पैन् पैचा हिशेब ठेवणारी बाई. कोरोनाच्या वेळी लशीतून ६६६ चा, म्हणजे त्या श्वापदाच्या आकड्याचा, शिक्का मारतात असा मेसेज फिरत होता, तो घेऊन आलेल्याला तिनंच उभ्या उभ्या फैलावर घेतलं होतं आणि स्वतः दोन्ही डोस वेळेवर घेतले होते. आधार कार्ड काढताना तर दहाही बोटं दिली होती. मग आता हे काय? त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हातारपणी भीतीनं हिला गाठलं, जी भीती हिच्या मुलाला गाठून गेली तीच, असं वाटून आत कुठंतरी तुटत होतं.

आमच्याकडं हे पुस्तक ऐकायचं पुस्तक होतं. आज्जा मिशनच्या शाळेत मास्तर. पावसाळ्यात लाइट गेली की कंदील मधे ठेवून वाचायला बसायचे. आज्जी सुपात तांदूळ निवडायची, आत्या हातशिलाई घेऊन बसायची, आम्ही पोरं घोंगडीत. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात, तिसऱ्याच वचनात येतं की वाचून दाखवणारा धन्य आणि ऐकणारे धन्य. आज्जा तिथं थांबायचे. म्हणायचे, बघा, वाचणारा एकच आहे, ऐकणारे पुष्कळ आहेत. पहिल्या शतकाच्या अखेरीस पात्म बेटावर अडकून पडलेल्या योहानानं समुद्रापलीकडच्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना धाडलेलं ते पत्र: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सात नावं आज्जा खानापूर, नंदगड, लोंढा म्हणावं इतक्या सहज म्हणायचे. पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं की लावदिकीया म्हणजे निपाणीच्या अलीकडचं एखादं गाव असणार. तिथल्या कुणाच्या तरी ओसरीवर असाच दिवा लागलेला असेल, एक जण वाचत असेल आणि बायका हातातलं काम न थांबवता ऐकत असतील, असं चित्र माझ्या मनात तेव्हापासून आहे आणि ते खरंही असावं.

१९७९ च्या जुलैत अमेरिकेचं अंतराळस्थानक स्कायलॅब पडणार म्हणून सगळीकडं घबराट होती. मी दहा वर्षांची. शेजारच्या काकूंनी खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून कापल्या. मरायचंच आहे तर पोरांना खायला तरी घालू, म्हणाल्या. त्या आठवड्यात आज्जांनी आठवा अध्याय काढला, संकटांचे कर्णे वाजवणाऱ्या देवदूतांचा. मशालीसारखा पेटलेला एक मोठा तारा आकाशातून नद्यांवर आणि झऱ्यांवर पडतो, पाणी कडू होतं, माणसं मरतात. त्या ताऱ्याचं नाव कडूदवणा. मला दवणा ठाऊक होता. चैत्रात शेजारचे लोक जोतिबाच्या यात्रेला जायचे आणि येताना आमच्यासाठी आठवणीनं गुलाल न लागलेली दवण्याची जुडी वेगळी बांधून आणायचे. आत्या ती कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. त्यामुळं जगाचा शेवट म्हटलं की मला अजूनही ट्रंक उघडल्यावर येणारा तो गार, तिखटगोड वास आठवतो. ज्या कडू झुडपावरून मूळ पुस्तकात त्या ताऱ्याला नाव दिलंय ते झुडूप आणि आपला दवणा एकाच कुळातले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ज्या कुणा भाषांतरकाराला तो शब्द सुचला, त्याला आपल्या बांधावरची झाडं चांगली ठाऊक असणार.

११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडलं. पण मला त्याहून जास्त लक्षात आहे ते हे, की आज्जा कर्णे वाजवून आम्हाला तसंच झोपायला पाठवायचे नाहीत. जी रात्र आठव्या अध्यायाची ती रात्र एकविसाव्याचीही. पानं उलटायचे आणि देव त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील तिथपर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक मिटायचे नाहीत. आज्जी म्हणायची, लेकरांना तहानेलं निजवू नये.

त्यांच्या वाचण्याची आणखी एक तऱ्हा होती. आत्या सांगते ती गोष्ट ७२ च्या दुष्काळातली. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापली की तुटायची. दिवसभर रांगेत उभं राहून आत्या घरी आली तेव्हा आज्जा सहावा अध्याय काढून बसले होते. काळा घोडा, त्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू, आणि कुठूनसा आवाज येतो: दिवसाच्या मजुरीला एका माणसाच्या पोटापुरते गहू, तेवढ्याच पैशांत तिप्पट जव, पण तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नको. आज्जांनी बोट तिथंच ठेवलं आणि म्हणाले, "बघ, गरिबाचं धान्य महागलं. श्रीमंताच्या बुधल्याला कुणाचा हात लागला नाही." आत्या म्हणते, त्या दिवसापासून मला बाजारभाव वाचता यायला लागला. शिकलेली सातवीपर्यंतच, पण कांदा का चढला आणि साखर का दडवली हे तिला विचारावं. या पुस्तकानं काही माणसांना असे डोळे दिले. समोर भव्य दिसणाऱ्या सत्तेच्या पोटात श्वापद बघायला शिकवलं.

आणि काहींचे डोळेच नेले.

माझा आतेभाऊ पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. १९९८ साल. कॅम्पातल्या एका खोलीत प्रार्थनेला जायला लागला. तिथं बाहेरगावहून एक प्रचारक यायचे. कापडावर रंगवलेला मोठा तक्ता भिंतीवर टांगायचे, त्यावर नदीसारखी काळाची रेघ, मधे मधे श्वापदं आणि सिंहासनं. छडी रेघेवरून सरकत सरकत येऊन २००० च्या अलीकडं थांबायची. मी एकदाच गेले होते. खोलीत कुणी काही निवडत नव्हतं, शिवत नव्हतं. सगळ्यांच्या मांडीवर वही, हातात पेन. आतेभाऊ रात्र रात्र खोलीचं दार लावून एकटा वाचायचा. समासात बेरजा, वजाबाक्या. त्यानं परीक्षेचा फॉर्म भरला नाही. प्रभू येणार तर डिप्लोमा कशाला? आत्यानं समजावलं, मी समजावलं, पाळकसाहेब घरी येऊन बसले. तो भांडायचा नाही, हसायचा. ते हसू इतकं आनंदी होतं की आपणच काहीतरी मुकतोय असं वाटावं.

१ जानेवारी २००० ला सकाळी आठ वाजता तो पायरीवर बसून दात घासत होता. फेस ओठांवर वाळेपर्यंत हात हलेना. आत्यानं चहा आणून शेजारी ठेवला आणि ती आत गेली. त्या दिवशी काय किंवा पुढच्या पंचवीस वर्षांत काय, तिनं त्याला एक शब्द ऐकवला नाही. तो आज बेळगाव-निपाणी मालाचा टेंपो चालवतो, चर्चला येतो, मागच्या बाकावर बसतो, प्रकटीकरणातला धडा असला की बाहेर जाऊन उभा राहतो.

असं त्याच्या एकट्याचंच झालं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याचं ऐकून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले होते. कित्येकांनी शेतातलं पीक काढलं नाही. २०११ च्या २१ मेचाही असाच गाजावाजा झाला होता. हे मी पुढं वाचलं तेव्हा मला त्यांच्या चुकीपेक्षा २३ ऑक्टोबरची सकाळ दिसली. कुणीतरी उठून गाईचं दूध काढलं असेल.

प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात देवदूत योहानाच्या हातात एक लहानशी गुंडाळी देतो आणि म्हणतो, ही खा. ती तोंडात मधासारखी गोड लागते, पोटात गेल्यावर कडू होते. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. आता वाटतं, हे पुस्तक वाचणाऱ्याचं काय होतं ते पुस्तकानंच तिथं सांगून ठेवलंय. आमच्या घरात एकाच गुंडाळीतला घास तिघांनी खाल्ला. आज्जांना तो पचला. आत्याला त्यानं डोळे दिले. आतेभावाच्या पोटात तो अजून कडूच आहे. यातलं त्या घासाचं किती, एकट्यानं खाल्ल्याचं किती, आणि वीस वर्षांच्या पोराला परीक्षेच्या वर्षी वाटणाऱ्या भीतीचं किती, याचा निवाडा मी करू शकत नाही. त्या तक्त्यावाल्या माणसाचा राग मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

पण आज्जांनीही तारखा मोजल्याच. प्रकटीकरणात नाही, दुसऱ्याच एका वाट बघण्यात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी ते दंडाला काळी फीत लावून फेरीत जायचे. येताना पायाला फोड आलेले असायचे आणि आज्जीला सांगायचे, पुढच्या दिवाळीला महाराष्ट्रात. १९६७ ला सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, बेळगाव आहे तिथंच म्हणाला, त्या रात्री म्हणे ते जेवले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा फेरीत. ते गेले १९९१ ला. त्यानंतर २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यालाही वीस वर्षं उलटली. सीमाभागात ज्यानं डोळे उघडले त्याला वाट बघणं शिकवावं लागत नाही, ते अंगावरच्या कपड्यासारखं असतं. म्हणून बायबलातलं दानीएलाचं पुस्तक मला नेहमी आपल्याकडचं वाटतं. अर्धं इब्री म्हणजे हिब्रू, अर्धं अरामी. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात राजाचे पंडित बोलायला तोंड उघडतात आणि तिथंच, वाक्याच्या मधे, भाषा बदलते ती सातव्या अध्यायाच्या शेवटी परत येते. आमच्या घरात प्रार्थना मराठीत, मटणवाल्याशी घासाघीस कन्नडमध्ये. सांधा कुठं पडला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

त्या दानीएलाच्या अगदी शेवटच्या पानावर दोन आकडे आहेत. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमाराला अंतियोख राजानं यरुशलेमचं मंदिर बाटवलं, रोजचा बळी बंद पाडला. हे किती दिवस चालणार? बाराव्या अध्यायातलं अकरावं वचन म्हणतं, १२९० दिवस. लगेच बारावं वचन म्हणतं, जो धीर धरून १३३५ दिवसांपर्यंत पोहोचतो तो धन्य. मधे ४५ दिवसांचा फरक. पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की पहिली मुदत टळून गेली तेव्हा कुणीतरी पुढची घातली. मी हे वाचलं त्या दिवशी मला रडू आलं. कुणी खोडलं नाही, पहिला आकडा लपवला नाही. टळलेली तारीख आणि वाढवलेली तारीख शेजारी शेजारी ठेवली, आणि तेच पुस्तक पवित्र म्हणून पुढं दिलं.

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक कैक वर्षं उभा होता. २०१४ च्या जुलैत तो पाडला. त्यावर बरंच लिहून, बोलून झालंय. मला त्यातलं व्याकरण आठवतं. 'होईल' नाही, 'व्हावं' नाही. झालंय असंच लिहिलेलं. रोम धडधाकट उभं असताना योहान त्यालाच बाबेल म्हणतो आणि लिहितो: पडली, मोठी बाबेल पडली. अजून घडायचंय ते घडून गेल्यासारखं लिहायचं, हा या तऱ्हेच्या लिहिण्याचा जुना स्वभाव आहे. वाचणाऱ्याला त्यानं पाठीचा कणा मिळतो. आणि त्याच वाक्यावर आयुष्य टेकवून कुणी पायरीवर बसून राहतं, हेही मी बघितलंय. दोन्ही मला एकाच वेळी खरं वाटतं.

गणपती झाल्यावर एका दुपारी मी आत्याकडं गेले. ती खिडकीशी बसून जुन्या ब्लाउजच्या बाह्या उसवत होती. मी तिला जे वाचलं होतं ते सांगितलं. त्या खुणेसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो बादशहाच्या शिक्क्याला वापरायचे, कागदपत्रांवर मारायचा तो शिक्का. रोमच्या बादशहाचं, नीरो कैसर हे नाव इब्री अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या की ६६६ येतात; एक अक्षर कमी धरलं तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तोच आकडा आहे. म्हणजे तो त्या काळचा माणूस ग आत्या, मशीनबिशीन काही नाही. तू कशाला घाबरतेस?

तिनं चष्म्यावरून बघितलं. "मी कुठं घाबरले?"

"मग उजवा हात का देत नाहीस? आधारला दिलासच की."

"दिला. एकदा मागितला, दिला. आता दर महिन्याला मागतात." तिनं उसवलेली बाही उलटी करून माझ्यापुढं धरली. शिवणीच्या आत दोन बोटं कापड होतं, बाहेरचा रंग विटलेला आणि आतला अजून गडद निळा. "ही माया. कापड बेतताना माया सोडतो की नाही आपण? दिसत नाही कुणाला. पण नाही सोडली तर उद्या अंग भरलं की सैल कुठनं करणार? सरकारचा तांदूळ खाते, सरकारला अंगठा देते. सगळीच्या सगळी मी नाही द्यायची. एक हात ठेवलाय."

डावा अंगठा तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितला. नखाच्या मधोमध उभी चीर. १९८४ ला मशीनची सुई आरपार गेली होती, ऑर्डर दुसऱ्या दिवशी द्यायची होती म्हणून तिनं फडकं बांधून तशीच शिवली. पलीकडच्या बाजूला, जिथं मशीन रेषा शोधतं, तिथं कापड सरकवून सरकवून कातडी गुळगुळीत झालेली, नदीतल्या गोट्यासारखी. बारीक टोचे होते, रेषा जवळजवळ नव्हत्याच.

या महिन्यात मला ताप होता म्हणून आतेभाऊ टेंपो बाजूला लावून तिला घेऊन गेला. मी पाठोपाठ पोहोचले तेव्हा रांग दारापर्यंत होती आणि आत्या मशीनपुढं. अंगठा लाल. पुन्हा लाल. पोरानं हात जोडल्यासारखं केलं, "अज्जी, बलगै." आत्यानं मान हलवली. आतेभाऊ पिशवी धरून तिच्या शेजारी उभा होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, रांगेची लाज वाटून तिचा उजवा हात ओढून मशीनवर ठेवेल. त्याला तेरावा अध्याय माझ्याहून जास्त पाठ आहे. तो वाकला, खिशातला रुमाल काढून मशीनची काच पुसली आणि पोराला कन्नडमध्ये म्हणाला, याच हाताची दुसरी बोटं बघू या. तर्जनी लाल. मधलं बोट लाल. मागून कुणीतरी ओरडलं, त्यानं वळूनही बघितलं नाही. आईचं चौथं बोट आपल्या दोन बोटांत धरून, हलकेच दाबून, तो उभा राहिला.

हिरवा दिवा लागला. आत्यानं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.